दोन्ही डोळे धड होते

फौजेतून घरी येऊन देवीदास कळंबेला वर्ष होत आलं होतं, तेव्हा रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं. देवीदासला इंग्रजी बेताचंच येत होतं, आणि आता डाव्या डोळ्याने त्याला धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद त्याची बायको चंद्रकलाच वाचायची. ती पांढुर्ण्यात घरीच शिवणक्लास चालवते. पोरींना काजं करायला बसवून तिने पाकीट फोडलं आणि ओळीवर बोट ठेवत वाचायला लागली. मध्येच थांबली. पुन्हा वरून वाचलं.

"काय म्हनते?" देवीदासने विचारलं.

"नाई म्हनते. डिसेबिलिटी पेन्शन नाई. पन अहो, याच्यात हे काय लिवलं? याच्यात तं गोटमार लिवली आहे."

"कोनती गोटमार?"

"आपली गोटमार. सुट्टीवर घरी असताना जत्रेत दगड लागून डोळा जखमी झाला, म्हनून नोकरीशी त्याचा संबंध नाई. असं लिवलं आहे."

पांढुर्ण्याबाहेरच्या माणसाला गोटमार सांगावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, समोरच्या काठावर सावरगावची. झाड कोण नेतो यासाठी दोन्हीकडून दगड चालतात. काठावर डॉक्टरांचे तंबू असतात, ॲम्ब्युलन्स असतात, पोलीस असतात आणि तरी दरवर्षी माणसांची डोकी फुटतात, हात मोडतात, कुणाचा डोळा जातो. त्यामुळे पांढुर्ण्याच्या माणसाच्या डोळ्याला दगड लागला म्हटलं, की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही.

देवीदासच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

त्याच्या डोळ्याला दगडच लागला होता, पण तो लडाखकडच्या एका चौकीवर. दरड पडून वाट बंद झाली होती आणि त्यांची तुकडी वाट मोकळी करत होती. देवीदासने एका मोठ्या खडकावर घण घातला. खडकाची कपची उडाली आणि थेट डाव्या बुबुळावर आदळली. डोळा फुटला नाही, पण आत रक्त साकळलं. भूपेंद्र नावाचा कुमाऊँचा पोरगा चौकीवर नर्सिंग असिस्टंट होता. त्याने डोळा धुतला, मलम घातलं, पट्टी बांधली आणि वाट उघडेपर्यंत देवीदासला बंकरमध्ये उताणं झोपवून ठेवलं. त्याला भात भरवला, त्याची थुंकीसुद्धा त्यानेच धरली.

खालच्या इस्पितळात पोचला तेव्हा तिथे हिमदंशाची पोरं रांगेने कण्हत होती. डॉक्टर दमलेला होता.

"क्या लगा आँख में?"

"पत्थर, सर."

"कहाँ के हो?"

"पांढुर्णा, सर."

"अरे, वो पत्थरवाला मेला?"

"जी सर, वही." एवढ्या दूर आपल्या गावाचं नाव कुणाला तरी माहीत आहे, याचा देवीदासला पट्टीखालीही आनंद झाला होता.

"खेला है कभी?"

"बचपन से, सर."

डॉक्टरने मान हलवून काहीतरी लिहिलं. देवीदास पोळ्याची सुट्टी संपवून नुकताच परतला होता, तेही त्याच्या नोंदीत होतं. एकाला एक जुळलं. डोळा काही दिवसांत बरा झाला, देवीदास चौकीवर परत गेला, आणि कागदात काय लिहिलं गेलं ते बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. काही वर्षांनी मात्र त्याच डोळ्यात काचबिंदू झाला. नजर कडेकडेने विझत गेली. नोकरी संपताना त्याने अर्ज केला, आणि आता हे उत्तर आलं होतं.

"अपील करता येते म्हनते," चंद्रकला म्हणाली. "खाली लिवलं आहे."

"राहू दे. पेन्शन भेटून राहिली ना नोकरीची? भागून राहिलं आपलं."

"भागून राहिलं म्हनून खोटं राहू द्याचं का?"

देवीदास उठून बाहेर गेला. भांडायचा त्याचा स्वभाव नव्हता. फौजेत त्याने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि आता कागदाशी काय भांडायचं, असं त्याला वाटत होतं.

पण गोष्ट गावात पसरली. शिवणक्लासच्या पोरींनी ऐकलेलं घरोघर गेलं. थट्टा कुणी केली नाही. केली असती तर देवीदासने ती सोसली असती. झालं उलटंच. गोटमार संपली की झाडाचा झेंडा चंडीमातेच्या देवळात वाहतात; तो वर्षानुवर्षं वाहणारे एक म्हातारे त्याला बाजारात भेटले. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाप्पा, आमाले माईतच नोतं," ते गहिवरून म्हणाले. "मिलिट्रीत असून तू गोटमारीत उतरला, मातेले डोळा देल्ला. मोठं पुन्य केलं बाबू."

देवीदासला 'नाही' म्हणता येईना. म्हातारे इतक्या प्रेमाने बोलत होते की त्यांना खोटं पाडणं त्याच्या जिवावर आलं. तो मान खाली घालून घरी आला आणि भाजीची पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "वकील पाहू आपन."

चंद्रकलाने वकील आधीच पाहून ठेवला होता.

दामिनी नावाच्या वकीलबाई सौंसरच्या कोर्टात काम करतात. त्यांचे वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यामुळे माजी सैनिकांची दोन-चार कामं त्यांच्या हातून झाली होती. देवीदास आणि चंद्रकला स्कूटीवरून गेले. स्कूटी चंद्रकला चालवत होती, तो मागे बसला होता. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही म्हणून त्याने गाडी सोडली होती, आणि चंद्रकलाने महिनाभरात ती शिकून घेतली होती. हायवेवर ट्रकवाले बघत, पण दोघांनाही आता त्याची सवय झाली होती.

दामिनीताईंनी पत्र वाचलं, जुन्या कागदांची झेरॉक्स वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "भाऊ, त्या वर्षी पोळ्याला तुम्ही घरी होते का?"

"होतो."

"गोटमारीच्या दिवशी नदीवर होते?"

"होतो. पन खेळलो नाई. भरती झालो तवाच मायनं शपथ घातली होती. काठावर होतो. जखमी मानसं उचलून तंबूत नेऊन राहिलो होतो. फर्स्ट एड येते ना आपल्याले."

"मग परत कधी गेले?"

"दुसऱ्याच दिवशी. सकाळच्या गाडीनं."

दामिनीताईंनी टेबलावर पेन आपटलं. "आता बघा. डोळ्यात रक्त साकळलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो, ड्युटीवर हजर होतो, पहाड चढून चौकीवर जातो, आणि कुणाला दिसत नाही? आपण हेच विचारू. पण नुसतं विचारून भागणार नाही. मला दोन माणसं पाहिजेत. डोळ्याला लागलं तेव्हा चौकीवर होता असा एक. आणि गोटमारीच्या दिवशी तुम्हाला काही झालं नव्हतं हे सांगेल असा एक, घरचा सोडून."

पहिला माणूस सोपा निघाला. जुन्या कंपनीच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. भूपेंद्र रिटायर होऊन आपल्या गावाकडे औषधाचं दुकान चालवत होता. देवीदासने फोन केला आणि कसंबसं काम सांगितलं.

"अरे कळंबे!" भूपेंद्र ओरडला. "मैंने अपने हाथ से पट्टी बाँधी थी! किसने लिखा मेले में लगी? तू बता कहाँ साइन करना है, मैं आज ही भेजता हूँ."

फोन ठेवल्यावर देवीदास बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "आवाज बिलकुल तसाच आहे त्याचा."

दुसरा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न होता. नदीवर त्या दिवशी हजारो माणसं होती. तंबूतले डॉक्टर बाहेरगावाहून आलेले, त्यांची नावंही ठाऊक नव्हती. देवीदासच्या घरचे चालणार नव्हते.

"तुमी ज्याइले उचललं त्याइच्यातलं कोनी आठवते का?" चंद्रकलाने विचारलं.

देवीदासने आठवून पाहिलं. मग म्हणाला, "एक पोट्टा होता. सावरगावच्या बाजूनं उतरला होता पात्रात. कानाच्या वर दगड बसला आणि तो पान्यात पडला. मी खांद्यावर घेतला त्याले. लोकं वरडून राहिले का तो तिकडचा आहे, तिकडचा आहे. मी म्हनलं, जखमी आहे. गाव विचारलं तं बोरगाव म्हने. सावरगावात बहिणीकडे आल्ता."

"मंग बोरगावले जाऊ ना."

"आणि काय म्हनू त्याले? मी तुले उचललं होतं, आता तू मले उचल? असं मांगाले जाते का कोनी?"

"मांगाले नाई. भेटाले जाऊ. आहे का गेला ते तं पाहू." चंद्रकलाने त्याच्याकडे बघितलं. "तुमाले कधी वाटलं नाई का, तो जगला का नाई?"

वाटलं होतं. चौकीवर, बंकरमध्ये डोळ्यावर पट्टी असताना तर फार वेळा वाटलं होतं. त्या पोराला तंबूत ठेवून तो दुसऱ्या दिवशी निघून गेला होता. पुढच्या सुट्टीत आला तेव्हा कुणाला विचारावं हेही कळलं नव्हतं.

रविवारी दोघं निघाले. चंद्रकलाला आधी जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घ्यायचं होतं, ते घेतलं. मग बोरगाव. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर विचारलं, किराणा दुकानात विचारलं. नाव माहीत नसलेला, बऱ्याच वर्षांपूर्वी गोटमारीत डोकं फुटलेला माणूस कुणाला सांगता येईना. एकाने तर आपल्या मेव्हण्याचं नाव सांगितलं, त्याचं डोकं अपघातात फुटलेलं निघालं.

मग चंद्रकलाला केशकर्तनालय दिसलं. "डोक्यावरच्या खुना न्हाव्याले माईत राहते," ती म्हणाली.

दुकानात प्रफुल्ल नावाचा चाळिशीचा माणूस एकाची दाढी करत होता. चंद्रकला दाराशीच उभी राहिली. देवीदासने आत जाऊन सांगितलं: उजव्या कानाच्या वर, आडवी खूण असेल, टाके पडलेले.

प्रफुल्लने वस्तरा थांबवला. "तितं केस येत नाई त्याले. मशीन फिरवताना म्हनते, जरा जपून भाऊ. गौतम आहे तो. गौतम सोमकुवर. पन आता सौंसरले राहते. नगरपालिकेत लागला, पानीपुरवठ्यात." मग जरा संशयाने विचारलं, "काहून? काही झालं का?"

"नाई, नाई," देवीदास म्हणाला. "चांगला आहे ना तो?"

"चांगला म्हंजे? पोरगी झाली त्याले. पेढे देऊन गेला."

देवीदास तिथल्याच खुर्चीवर बसला. प्रफुल्लला वाटलं याला दाढी करायची आहे. बाहेरून चंद्रकला बघत होती. नवऱ्याचा चेहरा असा सैल पडलेला तिने त्या पत्रानंतर पहिल्यांदाच पाहिला.

सौंसरला गौतमचं घर शोधायला वेळ लागला नाही. पाणी सोडणाऱ्याचं घर गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. समोरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली ताजी फुलं होती. गौतमची आई केसरबाई दारात धान्य निवडत बसली होती. गौतम आतून पोरगी कडेवर घेऊन बाहेर आला. पस्तिशीचा, भरल्या अंगाचा. देवीदासने त्याला ओळखलं नसतं. गौतमनेही त्याला ओळखलं नाही.

"पान्याची तक्रार आहे का?" त्याने विचारलं. "आज रविवार आहे, तरी सांगा."

"तक्रार नाई," देवीदास म्हणाला. "मी पांढुर्ण्याचा. देवीदास कळंबे. गोटमारीत तुमाले लागलं होतं ना? बरे आहे का आता? तेच पाहाले आलो."

गौतम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पोरगी आईच्या मांडीवर ठेवली.

"अजून एकदा बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"माय, हाच आवाज!" गौतम आईकडे वळून म्हणाला. "हा तोच मिलिट्रीवाला भाऊ आहे!"

केसरबाईच्या हातातलं सूप कलंडलं. ती उठली, देवीदासच्या जवळ आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. "कुठी होतास रे बापू? याचे टाके निघाल्यावर आमी दोघं पांढुर्ण्यात आल्तो तुले पाहाले. नारळ घेऊन. नदीवर विचारलं, स्टेशनवर विचारलं. कोनी म्हने तो फौजी होता, गेला वापस. नाव कोनाले माईत नाई. मी म्हनलं, आता कुठी पाहू याले? एवढा मोठा देश."

मग चहा झाला, चिवडा झाला, गौतमची बायको पूनम शेजारून दूध घेऊन आली. गौतम सांगत होता आणि थांबत नव्हता. दगड बसल्यावर त्याला या एका आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, नुसतं घोंघावल्यासारखं होत होतं. डोळे मिटावेसे वाटत होते. आणि हा माणूस त्याला तंबूकडे नेताना सारखा एकच सांगत होता.

"काय म्हनत होते भाऊ, आठवते का तुमाले? 'डोळे मिटू नको. माह्या डोळ्यात पाय. माह्याच डोळ्यात पाय.' तंबूतही सोडलं नाई. डॉक्टर टाके घालून राहिला आणि हे माह्यापुढे उकिडवे बसले. मी पाहूनच राहिलो. दुसरं काही पाह्यलंच नाई मी त्या टायमाले."

चंद्रकलाने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. देवीदासने अगदी हलकेच मान हलवून तिला नको म्हटलं. तो उठला.

"चला मंग, निघतो. जिवाले बरं वाटलं."

"असे कसे निघता?" गौतम म्हणाला. तो आता देवीदासच्या तोंडाकडे निरखून बघत होता. "भाऊ, तुमच्या ह्या डोळ्याले काय झालं? तवा तं नोतं असं."

चंद्रकलाने सांगितलं. चौकी, घण, कपची, डॉक्टर, पत्र. सगळं. आणि शेवटी म्हणाली, "दादा, आमी भेटालेच आलो होतो. पन तुमी आताच जे म्हनलं, तेच कागदावर पाह्यजे आहे आमाले."

"देतो ना! आता देतो!"

पूनमने मात्र दाराजवळून हळूच विचारलं, "शपथपत्रात गोटमारीचं नाव येईन. साहेब लोकं काही म्हनतीन का? नोकरीवर काही..."

गौतम विचारात पडला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी पाहाले गेलो होतो, पन मीबी दगड उचलला होता," तो म्हणाला. "एक फेकला, दुसरा हातात होता. लिवाचं तं तेही लिवा लागन. अर्धं खरं कसं लिवू?"

"मंग नको," देवीदास लगेच म्हणाला. "तुमची नोकरी आहे, लेकरू आहे. भूपेंद्रच्या कागदावर होऊन जाईन माहं."

केसरबाई नातीला थोपटत होती. तिने वर बघितलं. "गौतम, त्या दिवशी उचलताना या बापूनं विचारलं होतं का रे, तू कोनत्या काठचा आहे म्हनून?"

"नाई, माय."

"मंग लिव सगळं."

दामिनीताईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी पूनमची भीतीही काढून टाकली. नोकरी लागायच्या आधीची, पोरवयातली गोष्ट. तिच्यापायी कुणी विचारणार नाही, त्या म्हणाल्या. शपथपत्रात गौतमने आपण फेकलेला दगड लिहायला लावला, आणि शेवटी त्याच्याच शब्दांत हे: मला उचलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मी बराच वेळ बघत होतो आणि त्याचे दोन्ही डोळे धड होते.

भूपेंद्रचा कागद डाकेने आला. त्याने सोबत गावाकडच्या जंबूची, म्हणजे वाळवलेल्या पहाडी पातीची, पुडी पाठवली होती, डाळीला फोडणी द्यायला. चंद्रकलाने त्या दिवशी डाळ केली आणि सगळ्या गल्लीला वास गेला.

अपील गेलं. मग वाट बघणं आलं. पावसाळा गेला, कापूस फुटला, आंबिया बहाराची संत्री उतरली. हिवाळ्यात देवीदासला लष्करी इस्पितळात मेडिकल बोर्डापुढे बोलावलं. गौतमने सुट्टी टाकली आणि सोबत आला. "तुमाले बोलावलं नाई," देवीदास म्हणाला. "नाई बोलावलं तं बाहेर बसीन," गौतम म्हणाला.

डोळे तपासणाऱ्या मेजर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी उजवा डोळा बघितला, मग डावा, मग डाव्यावर एक छोटी काच टेकवून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मार की वजह से ही है," त्या सोबतच्या डॉक्टरला म्हणाल्या. "अंदर का कोना फटा हुआ है. दूसरी आँख बिलकुल ठीक है." मग त्यांनी फाईल उघडली. "यह गौतम सोमकुवर कौन हैं?"

"बाहर बैठे हैं, मैडम."

"बुलाइए."

गौतम आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"आपने लिखा है कि आपने भी पत्थर फेंका था. यह लिखना ज़रूरी तो नहीं था."

"मैडम, सच लिखने बैठा था," गौतम म्हणाला. "उसमें से कौन सा निकालता?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि त्या दिवसाबद्दल सगळं विचारलं. कुठे लागलं, कोण कुठून आलं, तंबूत काय झालं. गौतमने सांगितलं. त्या लिहीत होत्या. देवीदास शेजारच्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. त्याला वाटलं, आता काहीही निकाल लागला तरी चालेल. आपल्यासाठी एक माणूस इथपर्यंत आला आणि काही न लपवता बोलला. असं आपल्या वाट्याला येईल, हे त्याच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं. निघताना मॅडमनी त्याच्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "उजव्या डोळ्याची काळजी घ्या." मराठीत. त्या कुठल्या आहेत, हे विचारायचं त्याला बाहेर आल्यावर सुचलं.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर आला. शिवणक्लास सुटला होता. चंद्रकलाने पाकीट फोडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि यावेळी न थांबता शेवटपर्यंत वाचत गेली. दुखापत कर्तव्यावर असताना झाली, हे मान्य. आधीचा शेरा रद्द.

"मान्य म्हनते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

देवीदासने कागद हातात घेतला, उजव्या डोळ्यासमोर धरला आणि जेवढं समजलं तेवढं स्वतः वाचलं. मग त्याने भूपेंद्रला फोन लावला. दोघंही फोनवर नुसतेच हसत राहिले. दामिनीताईंना फोन केला. बाजारातल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन पाया पडून आला. त्यांना सगळं खरं सांगितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले, आणि मग म्हणाले, "असू दे बाबू, मातेनंच राखलं तुले."

रविवारी दोघं सौंसरला गेले. गौतम नेमका पाणी सोडायला गेला होता. पूनम चुलीजवळ होती, पाटवडीचा रस्सा उकळत होता. देवीदासने मोहगावच्या बाजारातून पोरीसाठी फ्रॉक आणला होता, तो तिला मोठा झाला. देवीदास केसरबाईच्या पुढे उकिडवा बसला. येताना वाटभर त्याने काय बोलायचं ते जुळवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

"माय," तो म्हणाला, "तुमच्या पोरानं..."

"अवं सून," केसरबाई आत बघून म्हणाली, "याचं ताट आधी वाढ. गौतम येते तवा येते. हा लांबून आला आहे."

पूनमने ताट आणलं. केसरबाईने वाटीतला रस्सा बोटाने चाखला, मान डोलावली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. देवीदासने तिच्याकडे बघून हात जोडले, आणि मग जेवायला सुरुवात केली.